सूर्योदयाला बदलणारी तारीख

शेरेगारांच्या घरात तारीख सूर्योदयाला बदलते. भिंतीवरच्या कॅलेंडरचं म्हणणं वेगळं असेल, तर ते त्याने आपल्यापाशी ठेवावं, असा त्या घरचा जुना शिरस्ता. कर्ते पुरुष राघव शेरेगार देवळाच्या यक्षगान मेळात मद्दले हे मृदंगासारखं वाद्य वाजवतात. दिवाळीनंतर मेळ गावोगाव फिरायला निघतो, तो मे महिन्यात पत्तनाज्याला, म्हणजे हंगाम सरण्याच्या दिवशी, देवाच्या अंगणात येऊन थांबतो. तोवर रोज नवं गाव आणि रोज कुणाच्या तरी नवसाचा आट, म्हणजे रात्रभराचा खेळ. दिवस मावळल्यावर आट उभा राहतो आणि उजाडताना उतरतो. गुरुवारी सुरू झालेला आट गुरुवारचाच. त्यातला राक्षस शुक्रवारच्या पहाटे मारला जात असला, तरी तो मरतो गुरुवारीच.

पहाटेच्या पहिल्या बसने राघव घरी येत. डोळ्यांत जागरण, खांद्यावर पिशवी. गंजीचं, म्हणजे भाताच्या पेजेचं, ताट पुढे सरकवताना त्यांची बायको गिरिजा विचारत, “काल कुठे होता आट?” नुकतीच सरलेली रात्र त्या घरात ‘काल’ असे, आणि आट चालू असेपर्यंत तीच ‘आज’ असे. त्यांची मुलगी सौपर्णिका या हिशेबात वाढली. सौपर्णिका हे नदीचं नाव; मैत्रिणींनी ते तोडून ‘पर्णा’ केलं होतं. कुंदापूर आणि उडुपीच्या मधल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकत होती. मामाने दिलेला जुना लॅपटॉप तिच्याकडे होता. त्याचं झाकण पाठीमागे पाट उभा केल्याशिवाय सरळ राहत नसे.

मेळाच्या दिवसांत संध्याकाळ झाली की घरचा फोन वाजू लागे. बंगळुरूहून सुटीला आलेला कुणी, आट बघायला निघालेले म्हातारे, रंगस्थळाभोवती दुकान मांडणारे चहावाले. सगळ्यांचा प्रश्न एकच: “आज मेळ कुठे?” गिरिजा मोगऱ्याच्या माळा गुंडाळून विकायचे चेंडू बांधता बांधता फोन मान आणि खांद्याच्या मध्ये धरून उत्तरं देत. एकदा त्यांनी मुलीकडे न बघताच म्हटलं, “तुझ्या त्या डब्याला बोलता येत असेल तर त्याला सांग उत्तरं द्यायला. मला मान एकच आहे.”

पर्णाने ते मनावर घेतलं. मेळाच्या मॅनेजरांकडून ठरलेले आट मागून घेतले आणि फोनवर उघडणारं एक साधं पान तयार केलं. वर एकच ओळ: आज मेळ इथे आहे. खाली गावाचं नाव, नवस करणाऱ्या घराचं नाव आणि तिथवरची वाट. गिरिजांच्या मानेला आराम पडला. पर्णालाही वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

ते न्हालं नव्हतं. शेंगदाणे आणि चुरमुरे विकणारे बाबण्णा एका सकाळी तक्रार घेऊन दारात आले. बाबण्णा म्हणजे बाबू पुजारी. मेळ जाईल तिथे त्यांची स्कूटर जाते. मेळाचे मुख्य गायक जे भागवत, त्यांना एखादं पद आठवणार नाही, पण कुठल्या गावात शेंगदाणे किती खपतात ते बाबण्णांना आठवतं.

“अगं मारायती,” ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “माल संपला म्हणून मध्ये घरी गेलो. परत निघताना वाट बघावी म्हणून तुझं पान उघडलं. त्यानं भलत्याच गावी पाठवलं. तिथे ना दिवा ना चेंड्यांचा ढमढमाट. एक कुत्रं होतं, तेही मला बघून उठलं नाही.”

“किती वाजले होते बाबण्णा?”

“बारा वाजून गेले असतील.”

पर्णाच्या लगेच लक्षात आलं. पुस्तकात शिकवलं होतं तसं तिने मध्यरात्री तारीख बदलली होती. बारा वाजताच पानाने उद्याचं गाव दाखवायला सुरुवात केली, आणि बाबण्णा उद्याच्या आटाला आजच जाऊन पोचले.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली.

“तुझी नाही, त्या डब्याची. त्याला सांग, राक्षस मरेपर्यंत दिवस संपत नाही.”

त्याच दिवशी तिने प्रोग्राममध्ये दिवसाची हद्द मध्यरात्रीवरून सूर्योदयावर आणली. मोजक्या ओळींचं काम होतं. त्यानंतर पान कधी चुकलं नाही. कॉलेजात मात्र कुणाला ते माहीतही नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं पर्णाला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी इंटर्नशिपचा हंगाम आला. बंगळुरूत ज्यांचे काका-मामा होते त्यांची पावलं तिकडे वळली. ज्यांना कुणीच नव्हतं त्यांच्यासाठी कॉलेजचीच लॅब होती: दोन महिने पंख्याखाली बसायचं आणि शेवटी शिक्क्याचा कागद घ्यायचा. पर्णाला तो कागद नको होता. कुणीतरी खरोखर वापरतं असं काम तिला एकदा मोठ्यांच्या बरोबरीने करून बघायचं होतं. घरून बसने जाऊन येता येईल अशी एकच कंपनी होती, मंगळुरूची. इस्पितळांतल्या परिचारिकांच्या पाळ्या लावण्याचं सॉफ्टवेअर ती बनवत असे, आणि त्यांच्या कॉलेजातून मोजकीच मुलं घेत असे. तिथे नाही जमलं, तर पंखा होताच.

अर्ज भरायचा म्हणजे आधी रेझ्युमे हवा. त्या कॉलेजात रेझ्युमे कुणी लिहीत नसे. तो वारशाने मिळे. अनिताक्का नावाच्या एका जुन्या विद्यार्थिनीने कधीकाळी तो लिहिला, तिला नोकरी लागली, आणि तेव्हापासून प्रत्येक तुकडी त्यातलं नाव बदलून पुढच्या तुकडीला देत आली. त्यातल्या ‘ध्येय’ या मथळ्याखालचं वाक्य इतक्यांनी वापरलं होतं की ते आता कुणाचंच ध्येय उरलं नव्हतं. मागल्या वर्षी एका मुलाने नाव बदललं, पण वडिलांचं नाव-काम बदलायला तो विसरला.

“मुलाखतीत त्याला विचारलं, वडील काय करतात,” नफीसा सांगत होती. “तो म्हणाला, रिक्षा चालवतात. ते म्हणाले, इथे तर बँकेत आहेत.”

नफीसा गंगोळीची. तिच्या घरी मासळीसाठी बर्फ तयार करण्याचा छोटा कारखाना होता. लॅबमध्ये ती पर्णाच्या शेजारी बसे, आणि त्याच कंपनीत अर्ज करत होती. तिने पर्णाच्या पडद्यावर मान वळवली.

“प्रकल्पात काय लिहिलंस?”

“ग्रंथालय व्यवस्थापन.”

“तू? पुस्तक परत केलं नाहीस म्हणून तुझं कार्ड अडवून ठेवलंय ना त्यांनी?”

“सगळे तेच लिहितात.”

“म्हणून तर. ते वाचणाऱ्या माणसाला आता गावोगावची ग्रंथालयं स्वप्नात दिसत असतील. तुझं मेळाचं पान लिही.”

“ते काय प्रकल्प आहे? बाबण्णा वापरतात ते.”

“आणि ग्रंथालयवालं कोण वापरतं?”

पर्णाने अनिताक्काच्या वाक्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि ते पुसलं. त्या जागी साध्या शब्दांत लिहिलं: आमच्या भागातल्या यक्षगान मेळाचा आजचा आट कुठे आहे, हे सांगणारं पान मी बनवलं आहे, लोक ते रोज बघतात.

कंपनीने दोघींनाही पहिली परीक्षा घरीच करायला पाठवली. परिचारिका कामावर कधी आल्या आणि कधी गेल्या याच्या नोंदी दिल्या होत्या. कोणत्या तारखेला कोण किती तास कामावर होतं, ते सांगणारा प्रोग्राम लिहायचा होता. सूचना सविस्तर होत्या. पर्णाने त्या वाचल्या, वडील मेळाला गेल्यावर शांत झालेल्या घरात पाटाला टेकलेल्या पडद्यासमोर बसली आणि एका बैठकीत काम संपवलं. इतकं सरळ जमलं की तिचं तिलाच बरं वाटलं. मुदतीच्या आत तिने ते पाठवूनही दिलं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा आणि बन्स घेऊन दोघी बसल्या.

“रात्रपाळीनं जीव काढला,” नफीसा म्हणाली. “बाई संध्याकाळी येते, सकाळी जाते. तिचे तास दोन तारखांत कापून वाटायचे. तू कसं केलंस?”

“कापायचे कशाला? रात्र तिच्या दिवसाबरोबर जाते.”

नफीसाने बन्सचा तुकडा ताटलीत परत ठेवला.

“पर्णा, सूचनांत लिहिलं होतं. तारीख मध्यरात्री बदलते, असं.”

पर्णाने फोनवर सूचना उघडल्या. ओळ तिथेच होती, काल वाचली होती तिथेच. डोळ्यांनी वाचली आणि हातांनी घरचं लिहिलं. तिच्या प्रोग्रामात दिवस सूर्योदयाला बदलत होता, आणि मंगळुरूच्या सगळ्या परिचारिका तिने नकळत मेळात भरती केल्या होत्या. पाठवलेलं काम बदलायची सोय नव्हती. मुदत सरली होती.

“गेलं,” ती म्हणाली.

“दुरुस्त करून मेल पाठव. चूक झाली म्हणून सांग.”

“कुणी वाचेल का? उलट ज्यांच्या लक्षात आली नसेल त्यांच्याही लक्षात येईल.”

“येईलच. यंत्र तपासतं ते.” नफीसाने चहाचा घोट घेतला. “आणि मी हे सांगितलं नसतं आणि तुझी जागा गेली असती, तर तुझ्या अम्माचा नीर दोसा माझ्या घशाखाली कसा उतरला असता? मला तो सोडवत नाही.”

लॅबच्या सरांना पर्णाने भीत भीत विचारलं. ते म्हणाले, “कंपन्यांना चुका कळवायच्या नसतात. त्यांना त्या शोधायला आवडतात.” सल्ला वाईट मनाने दिलेला नव्हता, सर स्वतः असंच वागत आले होते.

घरी आल्यावर तिने अप्पय्यांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. राघव ओसरीवर बसून मद्दल्याच्या वाद्या ओढून बघत होते. संध्याकाळच्या आटाला निघायला अजून अवकाश होता. प्रोग्राम म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण मुलीचा चेहरा कळत होता.

“म्हणजे ताल चुकला,” ते म्हणाले.

“हो, अप्पय्या. आणि वाजवून झालं.”

“आट संपला का?”

“निकाल अजून लागायचा आहे.”

“मग संपला नाही.” त्यांनी एक वादी ओढून बोटाने टिचकी मारली, कान जवळ नेला. “मी पहिल्या वर्षी मेळात आलो, तेव्हा माझा ताल सुटला. मी मान खाली घालून वाजवत राहिलो, कुणाला कळू नये म्हणून. मी जितका लपवत होतो तितका वेष करणाऱ्या माणसाचा पाय अडखळत होता. आट उतरल्यावर भागवतांनी बोलावलं. म्हणाले, ताल सगळ्यांचा चुकतो. चुकला की मान वर करायची आणि माझ्याकडे बघायचं. तू बघितलंस की मला कळतं, आणि मी तुला परत आत घेतो. तू बघितलंच नाहीस तर मी तरी कुठे हात देऊ?”

“ते रागावले नाहीत?”

“रागावले ना! वर शेंगदाणेही आणायला पाठवलं.” मद्दले त्यांनी कापडात गुंडाळलं. “तुझ्या तिथे भागवत कोण आहेत, मला माहीत नाही. पण कुणीतरी असतील. मान वर कर.”

गिरिजा आतून म्हणाल्या, “आणि आधी जेव. उपाशी पोटी चूक मोठी दिसते.”

जेवण झाल्यावर पर्णाने प्रोग्राम दुरुस्त केला आणि कंपनीला मेल लिहिला. पहिल्या मसुद्यात क्षमायाचना इतकी होती की चूक काय झाली तेच सापडत नव्हतं. ती तिने काढली. शेवटी एवढंच राहिलं: तारीख मध्यरात्री बदलते ही सूचना मी वाचूनही पाळली नाही, माझ्या घरी दिवस सूर्योदयापर्यंत मोजतात, ती सवय कामात आली. दुरुस्त केलेला प्रोग्राम सोबत जोडला आहे. मुदत संपली असल्याने तो धरला जाणार नाही हे मला मान्य आहे.

नफीसाला लगेच होकार आला. पर्णाला मुलाखतीला बोलावणं आलं. होकारही नाही आणि नकारही नाही.

मुलाखत घेणाऱ्या बाईंचं नाव लवीना डिसोझा. केस आखूड कापलेले, बोलणं मोजकं. त्यांनी तिचा मेल पडद्यावर उघडून ठेवला होता.

“ही चूक इस्पितळात झाली असती तर?” त्यांनी विचारलं.

“एखाद्या वॉर्डात त्या तारखेला पहाटे कुणीच नव्हतं, असं दिसलं असतं.”

“आणि प्रत्यक्षात तिथे एक बाई रात्रभर उभी असते. तिचं काम आपण पुसलं असतं. म्हणजे चूक लहान नाही.”

“नाही, मॅडम.”

लवीनाबाईंनी मग मेळाचं पान उघडलं. त्यामागचा प्रोग्रामही त्यांनी वाचला.

“इथे दिवस सूर्योदयाला बदलतो. हे कुणी शिकवलं?”

“आधी मीही मध्यरात्रीच बदलत होते. आमचे बाबण्णा शेंगदाणे विकतात. माझ्या पानामुळे ते अंधाऱ्या शेतात जाऊन पोचले. त्यांनी येऊन सांगितलं.”

“रागावले?”

“डब्यावर. माझ्यावर नाही.”

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. “म्हणजे इथे मध्यरात्र धरून चुकलीस, आणि आमच्याकडे सूर्योदय धरून.”

“हो.”

“दोन्ही वेळा कुणीतरी सांगितलं.”

“हो, मॅडम. दुसऱ्या वेळी मैत्रिणीने. तीही याच जागेसाठी आली होती.”

लवीनाबाईंनी मेलची खिडकी बंद केली. “दिवस कुणाचा आहे हे विचारायची सवय तुला लागलेली दिसते. आता लिहिलेलं वाचायची लाव. कळवू.”

कळवू हा शब्द फार लांब असतो. परीक्षा संपल्या, कॉलेजला सुटी लागली, पत्तनाजे आलं. मेळ देवळाच्या अंगणात शेवटचा आट करून थांबला, आणि राघव मद्दले घेऊन पावसाळ्यापुरते घरी आले. पर्णाने लॅबमधल्या पंख्याखालच्या जागेसाठी नाव देऊन टाकलं होतं. सकाळी ती अम्माबरोबर मोगरा तोडत होती, तेव्हा फोन वाजला. मेल आला होता. पहिली ओळ वाचून तिने टोपली खाली ठेवली आणि नुसती उभी राहिली.

“काय झालं?” गिरिजांनी विचारलं.

“घेतलं.”

“मग टोपली उचल. ऊन चढतंय.” असं म्हणून त्यांनी स्वतःच ती उचलली, आणि बराच वेळ त्यांना फुलं दिसेनात.

मेलमध्ये खाली एक ओळ जास्तीची होती. लवीनाबाईंनी लिहिलं होतं, की पाठवलेल्या कामाला यंत्राने कमी गुण दिले आहेत आणि ते तसेच राहतील. बोलावणं चूक कळवणाऱ्या मेलमुळे आहे. पर्णाला ती ओळ होकाराहून जास्त आवडली. तिच्या चुकीला कुणी झाकलं नव्हतं, आणि तरी तिला परत आत घेतलं होतं.

त्या आठवड्यात ती एकेकाला सांगत फिरली. अनिताक्काला तिने मेल केला, की तुमचा रेझ्युमे मी पुसला, पण पुसायला तो होता म्हणून दुसरा लिहिता आला. अनिताक्काचं उत्तर आलं: “देव तुझं भलं करो. ते ध्येयाचं वाक्यही मी माझ्या सीनियरचंच घेतलं होतं.” नफीसा नीर दोसे खायला घरी आली, आणि मोजायचं कुणी धाडस केलं नाही. बाबण्णा देवळाजवळ भेटले. मेळ नसला की ते तिथेच गाडी लावतात.

“तुमचं नाव सांगितलं मी मुलाखतीत,” पर्णा म्हणाली.

“कुठल्या भाषेत?”

“इंग्रजीत.”

“मग बरं झालं. कन्नडमध्ये शेंगदाणे फार स्वस्त वाटतात.” त्यांनी पुडी बांधून तिच्या हातात ठेवली. “कुत्र्याचंही सांगितलंस का?”

“ते राहिलं.”

“त्याचाही वाटा होता, मारायती. ते भुंकलं असतं तर मी घाबरून तसाच घरी गेलो असतो, आणि तुला सांगायला आलोच नसतो.”

पहिल्या दिवशी तिला पहाटेची पहिली बस धरायची होती. गिरिजांनी डबा बांधला. राघव कधीचे उठून बसले होते. हंगामात या वेळी ते बसमधून उतरत. पावसाळ्यात या वेळी झोपलेले असत. आज ते मुलीची पिशवी खांद्यावर घेऊन तिच्या पुढे रस्त्याकडे चालू लागले.

“अप्पय्या, मी घेते ना.”

“मद्दल्यापेक्षा हलकी आहे.”

बस आली. कंडक्टरने दार उघडलं आणि नेहमीच्या सवयीने राघवांना उतरायला जागा करून दिली. मग ते खाली उभे आहेत हे त्याच्या ध्यानात आलं.

“शेरेगाररे, आज उलटे कसे? आट तर संपला की.”

“माझा संपला,” राघव म्हणाले. त्यांनी पिशवी वर दिली आणि पर्णाचा हात धरून तिला पायरीवर चढवलं. “तिचा आज उभा राहतोय. खिडकीजवळ बसव.”

बस निघाली. पर्णाने मान वळवून मागे बघितलं. अप्पय्या रस्त्याच्या कडेला मान वर करून तिच्याकडेच बघत उभे होते, आणि नारळींच्या मागे आत्ता कुठे तारीख बदलत होती.